अजून उतरतंय, थांबा

दिगूदादा, तुझं तेरावं झालं. माणसं गेली, मंडपवाल्याने खुर्च्या नेल्या, आणि आज सकाळी मी दुकान उघडून तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेय. तुझ्या खुर्चीत बसवत नाही अजून. तसंही तिचं एक चाक वाकडं, बसलं की माणूस आपोआप आमच्या आशागडच्या बाजूला वळतो. ते चाक तू कधी बदललं नाहीस. विचारलं तर म्हणायचास, तेवढाच व्यायाम.

गेले काही दिवस सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. मी गप्प होते. माझं तुझ्याशी भांडण चालू होतं ना. भांडण अर्धं टाकून माणूस निघून गेला की मागे राहिलेल्याने काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. वापीच्या हॉस्पिटलात न्यायला गाडी आली, तू छातीवर हात धरून मागच्या सीटवर बसलास, आणि काच खाली करून मला म्हणालास, "कॉपीचं आल्यावर बघू." आलास तो तसा आलास. कॉपीचं राहिलं. पण लग्नसराई तोंडावर होती, उधव्याच्या जिग्नेशभाईला नवं कपाट हवं होतं, तेव्हा ते मला एकटीलाच ठरवावं लागलं. काय ठरलं आणि कसं ठरलं, ते तुला कळायला हवं. म्हणून हे लिहितेय.

तेराव्याला तुझ्या मुंबईच्या चुलतभावाने मला बाजूला घेऊन विचारलं, "दिगू नक्की करायचा काय?" मी म्हटलं, कपाट बनवायचा. त्यांना वाटलं सुतारकाम. मग तिथेच, जेवणाच्या पंगतीशेजारी उभं राहून मी त्यांना समजावलं की कपाट हा तुझा प्रोग्रॅम. कॉम्प्युटरमधल्या फायली बघायच्या, हलवायच्या, कॉपी करायच्या, नको त्या फेकायच्या. विंडोजमध्ये त्याची सोय असतेच की, ते म्हणाले. असते. पण ती इंग्रजीत, आणि तिथे एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत फाईल ओढताना ती मधेच भलत्या फोल्डरमध्ये पडते, मग बसा दिवसभर शोधत. दादाने स्क्रीनचे सरळ दोन भाग केले, डावा आणि उजवा, मधे मराठी बटणं. डहाणू-तलासरीतले निम्मे फोटोवाले, झेरॉक्सवाले आणि पत्रिकावाले त्यावर काम करतात. चुलतभाऊ "अस्सं" म्हणाले आणि बासुंदी घ्यायला गेले. मला राग आला. मग माझं मलाच हसू आलं, कारण तू असतास तर तूही बासुंदी घ्यायलाच गेला असतास.

मी पहिल्यांदा तुझ्या दुकानात आले ती कीबोर्डची एक की तुटली म्हणून. मुंबईच्या कंपनीचं काम घरून करायचं म्हणून नुकतीच आशागडला परत आले होते. अंगात थोडी मस्ती होतीच, खोटं कशाला बोलू. तुझ्या स्क्रीनवर बटण दिसलं, 'इकडून तिकडे'. मी हसले. म्हटलं, हे काय बटणाचं नाव आहे? तू कीबोर्ड उलटा करून त्यातली धूळ झटकत म्हणालास, "मग तुम्ही घरी काय सांगता, पातेलं इकडून तिकडे ठेवा की कॉपी-पेस्ट करा?" मी म्हटलं, "पातेलं तिकडे ठेवलं की इकडे उरत नाही. कॉपी केली की इकडेही राहते." तू कीबोर्ड तसाच खाली ठेवलास. कीबोर्डचे पैसेसुद्धा मागायला विसरलास. पुढच्या आठवड्यात सहज डोकावले तर एका बटणाची दोन झाली होती, 'तिकडे न्या' आणि 'तिकडेही ठेवा'. मला दाखवून म्हणालास, "बघ बाय, तुझं ऐकलं." तुम्हीवरून तूवर तू त्या दिवशी आलास, आणि मीही आले.

माझ्या कंपनीत एका बटणाचं नाव बदलायचं तर तीन मीटिंगा होतात. तू एका अनोळखी बाईच्या टोमण्यावरून बदललंस. तिथेच मी तुला मानलं, फक्त तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

तुझी आणखी एक गोष्ट मी आजवर कुणातच पाहिली नाही. नवं काही केलंस की तू ते गिऱ्हाइकाला चालवायला द्यायचास आणि त्याच्या मागे स्टुलावर बसायचास, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी विचारलं, हे काय, थंडी वाजते? म्हणालास, "हात मोकळे असले की माऊस हिसकावून घ्यावासा वाटतो." तो माणूस चुकत राहायचा, भलतंच बटण दाबायचा, तू ओठ आवळून बघत राहायचास. तो गेला की तो जिथे अडखळला ते बटण बदलायचास. "त्याला नीट येत नाही" असं एकदाही तुझ्या तोंडून ऐकलं नाही. मी मात्र दिवसातून दहादा म्हणायचे.

मग नवीन विंडोज आलं. ते आपल्याकडच्या जुन्या मशिनींवर चढेना, आणि जुन्याची देखभाल कंपनीने बंद केली. दुकानात रोज कुणीतरी तोंड पाडून यायचं, दादा, आता नवं घ्यावं लागेल काय? जिग्नेशभाई उधव्याहून त्याचा आख्खा सीपीयू मोटरसायकलला बांधून घेऊन आला. जिग्नेशभाई म्हणजे उधव्याचा फोटोवाला, घरी गुजराती बोलणारा, आपल्याशी मराठी बोलता बोलता मधेच गुजरातीत शिरणारा. तू तो सीपीयू उघडलास, फुंकर मारलीस, आणि म्हणालास, "मशीन तर ठणठणीत आहे. भंगारात कशाला?" विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं तर ते अजून कितीतरी वर्षं चाललं असतं, आणि फुकटात. मी कधीपासून तेच सांगत होते. पण लिनक्सवर कपाट नव्हतं, आणि कपाटाशिवाय यातला एकही माणूस तिकडे गेला नसता. तेव्हा कपाटच तिकडे न्यायचं ठरलं. तू म्हणालास, दोन महिन्यांत होईल. मी म्हटलं, वर्ष लागेल. लागलं त्याहून जास्त.

बाहेरच्याला वाटतं, प्रोग्रॅम एकीकडून उचलून दुसरीकडे ठेवला की झालं. आपल्याला माहीत आहे ना काय काय निघालं ते. कपाट तू पास्कलमध्ये लिहिलेलं, ती भाषा दोन्हीकडे चालते म्हणून तीच राहिली, पण बाकी प्रत्येक गोष्टीत खोड्या. विंडोजमध्ये फाईलच्या पत्त्यातली तिरकी रेघ एका बाजूला कलते, लिनक्समध्ये दुसऱ्या. कोडमध्ये ती रेघ ठिकठिकाणी पेरलेली होती, तांदळातल्या खड्यांसारखी. तू ती कैनाडच्या वाडीत, चिकूच्या झाडाखाली खाटेवर लॅपटॉप घेऊन एकेक करून वेचलीस. मी म्हटलं, सगळ्या एकदम बदलता येतात. "येतात, पण मग मला कळणार नाही मी कुठे काय लिहिलं होतं." रेखावहिनी आतून ओरडल्या, "अहो, चिकू उतरवायला माणसं आलीत, त्यांच्याकडे बघता का जरा?" तू म्हणालास, "ही ओळ झाली की आलोच." माणसं आपापली चिकू उतरवून निघून गेली.

ज्या दिवशी लिनक्सवर कपाट पहिल्यांदा उघडलं, तेव्हा मराठीच्या जागी नुसते रिकामे चौकोन होते आणि सगळी बटणं एका कोपऱ्यात एकावर एक चढलेली. मला रडू यायचं बाकी होतं. तू उठलास, समोरच्या दुकानातून फाफडा घेऊन आलास आणि म्हणालास, "उघडलं ना? उघडलं म्हणजे जिवंत आहे." फाफड्याचा तो कागद अजून तुझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर तू चौकोन काढून ठेवले आहेस, कुठलं बटण कुठे जाईल त्याचे.

आणि डी ड्राइव्ह. त्यावर आपण केवढे भांडलो. विंडोजमध्ये सी, डी, ई असे कप्पे असतात आणि आपल्याकडे सगळ्यांचं आयुष्य डीमध्ये असतं. लग्नं डीमध्ये, गाणी ईमध्ये, सीला हात लावायचा नाही. लिनक्समध्ये सी नाही आणि डीही नाही, सगळं एकाच मुळापासून फुटतं. माझं म्हणणं, लोकांना ते समजावून सांगू, त्यात अवघड काही नाही. तू म्हणालास, डी दाखवायचाच. मी म्हटलं, जे नाहीच ते दाखवायचं? खोटं आहे ते. तू मला कैनाडचं उदाहरण दिलंस. "आमच्याकडे येऊन कुणाला घर नंबर विचार. पंचायतीने प्रत्येक दारावर नंबर रंगवलाय, खरा आहे तो. पण माणूस तुला पाडा सांगेल. नंबर बरोबर असेल, पण पत्ता पाडाच." मग मला घेऊन उधव्याला गेलास आणि माझं कपाट, डी नसलेलं, जिग्नेशभाईच्या मशिनवर लावलंस. तू हात मांड्यांखाली घेतलेस. जिग्नेशभाईने इकडे क्लिक केलं, तिकडे क्लिक केलं, आणि काकुळतीला येऊन माझ्याकडे वळला. "हेमाबेन, माझा डी क्यां गयो?"

परत येताना तू नुसता गाडी चालवत होतास आणि गालात हसत होतास, त्याचाच मला जास्त संताप आला. शेवटी तू डी ठेवलास, पण सेटिंगमध्ये एक खूण करून दिलीस, ती काढली की डी दिसत नाही. मी म्हटलं, हे कुणासाठी? सेटिंगमध्ये कोण जातं, असं तूच सांगतोस ना? तू म्हणालास, "तुझ्यासाठी. तू एकटी जाशील." माझ्या लॅपटॉपवर ती खूण काढलेलीच आहे, दादा, आणि तशीच राहील. डीच्या बाबतीत माझं मत आजही तेच आहे. तू गेलास म्हणून तू बरोबर ठरत नाहीस.

पण कॉपीचं वेगळं.

लिनक्सवर आपण 'तिकडेही ठेवा' हे बटण पहिल्यांदा चालवलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. लग्नाच्या फोटोंचं एक भलंमोठं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकलं. पट्टी सर्रकन भरली, 'झालं' असं आलं. मी टाळी वाजवली. विंडोजवर एवढ्याला चहा पिऊन व्हायचा. तू स्क्रीनकडे बघतच नव्हतास, वाकून पेनड्राइव्हकडे बघत होतास. तुझा तो जुना पेनड्राइव्ह, ज्याला लाल दिवा आहे. स्क्रीन 'झालं' म्हणत होती आणि दिवा लुकलुकत होता. लुकलुकतच राहिला. आपण दोघं त्या दिव्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने तो थांबला. "हे झालं नव्हतं," तू म्हणालास.

मी तुला सांगितलं, त्यात नवल काही नाही. लिनक्स आधी सगळं आपल्या मेमरीत घेतं आणि मग सावकाश पेनड्राइव्हवर उतरवत बसतं. म्हणून पेनड्राइव्ह काढण्याआधी बाहेर काढायचं बटण दाबायचं असतं, ते दाबलं की मशीन उरलेलं उतरवून सोडतं. जगभर असंच चालतं. तू विचारलंस, "आणि आपल्याकडे कोण दाबतं?"

कोणीच नाही. आपल्याकडची पद्धत तुला आणि मला दोघांनाही माहीत. तलासरीची शेअरची जीप बाहेर भरून उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आतला माणूस पट्टी भरली की पेनड्राइव्ह उपटतो, शर्टाच्या खिशात टाकतो आणि पळतो. विंडोजवर इतकी वर्षं ते खपून गेलं, कारण आपल्या जुन्या कपाटात 'झालं' म्हणजे खरंच झालेलं असायचं. लोकांचा त्या शब्दावर भरवसा बसला, तो तूच बसवलास.

तुझं म्हणणं, प्रत्येक तुकडा खरोखर पेनड्राइव्हवर उतरेपर्यंत पट्टी पुढे सरकवायचीच नाही. तू तसं लिहूनही दाखवलंस. पट्टी सावकाश जायची, शेवटाला येऊन थबकायची, खाली अक्षरं यायची 'अजून उतरतंय, थांबा', आणि दिवा थांबला की मग 'आता काढा'. मला ते बघवेना. मी म्हटलं, दादा, लोक म्हणतील लिनक्सवरचं कपाट ढिम्म आहे. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तेच काम सर्रकन होताना दिसेल आणि आपली वर्षभराची मेहनत पाण्यात. मी माझं वेगळं केलं. पट्टी झटकन भरते, 'झालं' येतं, आणि खाली लिहिलेलं असतं, पेनड्राइव्ह काढण्याआधी 'सोडा' दाबा. तू म्हणालास, "खाली लिहिलेलं वाचायला तो थांबला असता तर भांडण कशाला हवं होतं?" मी म्हटलं, मग दोन्ही ठेवू, सेटिंगमध्ये. तू हसलास. "आपलं भांडण मिटवायला सेटिंग बनवायचं आणि निस्तरायचं जिग्नेशने."

माझी बाजू अगदीच खुळी नव्हती, एवढं तरी तू मान्य केलंस. चांगलं आहे पण हळू आहे, असं एकदा गावात पसरलं की माणूस पुन्हा फिरकत नाही. तुझी बाजूही मला कळत होती. दोघंही मागे हटेनात. दोन्ही कपाटं तशीच पडून राहिली. दुकानातल्या मशिनवर माझं होतं, कारण त्या दिवशी मीच आधी येऊन ते लावलं होतं, आणि तू ते काढलं नाहीस. मुद्दामच काढलं नसशील. वाट बघत बसला असशील.

मग वापी.

तेराव्याला लावायला फोटो हवा होता. घरात मिळाला तो आधार कार्डावरचा, त्यात तू पकडून आणल्यासारखा दिसतोस. रेखावहिनी म्हणाल्या, "हा नको गं. वाडीत हसतात तो होता ना एक, मोठा?" होता. दुकानातल्या मशिनवर, तुझ्या डीमध्ये. जिग्नेशभाई म्हणाला, मला द्या, मी मोठा करून फ्रेम करून आणतो, दादाची फ्रेम दुसरा कोणी बनवणार नाही. तो येऊन दारात उभा राहिला, मोटरसायकल चालूच. मी तुझं वाडीचं सगळं फोल्डरच घेतलं, म्हटलं निवडू देत त्याला. 'तिकडेही ठेवा' दाबलं. पट्टी भरली. 'झालं'. मी पेनड्राइव्ह उपटला आणि पळत जाऊन त्याच्या हातात दिला.

मी, दादा. खालची ओळ जिने लिहिली, तिने.

जिग्नेशभाईचा फोन आला तेव्हा मी घरी पोळ्या लाटत होते. तो म्हणाला, "हेमाबेन, दादाचा फोटो कपाळापर्यंतच येते. खाली बधा ग्रे छे." वर चिकूची फांदी, त्याखाली तुझे विस्कटलेले केस, कपाळ, आणि पुढे काही नाही. नुसता राखाडी रंग. तो म्हणाला, असा फोटो मी कधी पाहिला नाही, मला बघवेना, मी स्क्रीन बंद केली.

नुकसान काही झालं नव्हतं. मूळ फोटो दुकानात सुखरूप होता, पुन्हा कॉपी केला की काम भागत होतं. मला तेवढं कळतं. तरी मी लाटणं हातात घेऊन ओट्याशी बसले आणि मोठमोठ्याने रडले. तुला नेलं तेव्हा मी रडले नव्हते, धावपळ होती, वहिनींना सांभाळायचं होतं. ते सगळं त्या पोळ्यांवर निघालं. आणि रडता रडता डोक्यात एकच, की माझंच कपाट गावभर गेलं असतं, तर ऐन लग्नसराईत कुणाची नवरी अशी कपाळापर्यंत आली असती, आणि त्या बाईकडे मूळ फोटो उरलाही नसता, कारण आपल्याकडे कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्याच दिवशी पुसून पुढच्या लग्नाला वापरतात. त्या बाईला मी काय सांगणार होते? खाली लिहिलं होतं म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले आणि माझं काढून तुझं लावलं. फार काही करावं लागलं नाही. तू सगळं नीट करून ठेवलं होतंस, माझ्या कोडला कुठेही धक्का न लावता, शेजारी. नुसतं जोडायचं बाकी होतं.

वहिनी पण आल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदाच दुकानात. म्हणाल्या, फोटो मी स्वतः घेऊन जाते, आता मला कुणावर सोडवत नाही. त्या तुझ्या खुर्चीत बसल्या आणि खुर्ची आशागडच्या बाजूला वळली. त्यांनी पायाने ती सरळ केली, सवयीने, जणू रोज बसतात. मी म्हटलं, वहिनी, तुम्हीच करा, सोपं आहे. त्या म्हणाल्या, मला नाही येत गं, ह्यांनी कधी हात लावू दिला नाही. त्यावर मला हसू आलं, कारण तू जगाला शिकवलंस आणि घरात राहिलंच. तो तुझा लाल दिव्याचा पेनड्राइव्ह मी लावला. आणि मग दादा, मी तुझ्या स्टुलावर बसले, आणि हात मांड्यांखाली घेतले.

वहिनींनी डीवर क्लिक केलं. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "ते नेहमी डीमध्ये, डीमध्ये म्हणायचे फोनवर." मी खाली मान घातली. वाडीचं फोल्डर सापडायला त्यांना वेळ लागला. दोनदा चुकल्या. हात मांड्यांखाली ठेवणं किती कठीण असतं, ते मला तेव्हा कळलं. मग त्यांनी बटणं वाचली, ओठ हलवत. 'तिकडे न्या' वर थांबल्या. "नको, इथला जायला नको," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि 'तिकडेही ठेवा' दाबलं.

पट्टी निघाली. सावकाश. बाहेर जीप लागली होती, तलासरी तलासरी ओरडणं चालू होतं. पट्टी शेवटाला आली आणि थबकली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"अडकलं का गं?"

"नाही वहिनी. अजून उतरतंय."

"मग थांबू."

एवढंच. मी तुझ्याशी ज्याच्यावर महिनोन् महिने वाद घातला, ते त्या दोन शब्दांत मिटवून पदर सारखा करून बसल्या. मला वाटत होतं, आपल्या माणसांना थांबायला आवडत नाही. तसं नाहीये. का थांबायचं ते खरं सांगितलं की थांबतात. आम्ही दोघी त्या लाल दिव्याकडे बघत बसलो. वहिनी मधेच म्हणाल्या, "हा फोटो मीच काढलाय, माहीत आहे तुला? चिकूवाले आले होते आणि हे लॅपटॉप घेऊन हसत बसले होते, मला राग आला म्हणून फोटो काढला. म्हटलं पुरावा राहू दे." आणि त्या हसल्या, तू गेल्यावर पहिल्यांदा.

दिवा थांबला. स्क्रीनवर तुझी अक्षरं आली, 'आता काढा'.

माझा हात पुढे होईना. वहिनींनीच वाकून पेनड्राइव्ह काढला, पदराच्या टोकात गाठ मारून ठेवला आणि उठल्या. संध्याकाळी उधव्याहून जिग्नेशभाईचा फोन आला. फोटो पूर्ण आहे म्हणाला. दात सुद्धा दिसतात.